बिडाचे विरजण

घरातल्या किंवा आजूबाजूच्या बिडाच्या वस्तू आठवून पाहा. डोशाचा तवा, जुन्या शिवणयंत्राची नक्षीदार चौकट, वाण्याच्या दुकानातले वजन, गटाराचे झाकण, विहिरीवरच्या पंपाचे कवच. यांपैकी एखादी फुटलेली वस्तू मिळाली, तर तिचा तुकडा वर्गात जरूर आणा आणि फुटलेली बाजू विद्यार्थ्यांना दाखवा. बहुधा ती करडी दिसेल. पण क्वचित एखाद्या तुकड्याच्या पातळ कडेला किंवा कोपऱ्यात चंदेरी-पांढरा, चमकदार पट्टा आढळतो. करड्या भागावर कानस चालवली की काळसर भुकटी पडते. पांढऱ्या भागावरून तीच कानस घसरून जाते.

दोन्ही भाग एकाच भट्टीतल्या एकाच लोहरसाचे असतात. रासायनिक विश्लेषण केले, तर दोन्हींत कार्बन तेवढाच आणि सिलिकॉनही तेवढेच भरते. मग एक भाग कापता येण्याजोगा आणि दुसरा काचेसारखा कठीण व ठिसूळ का?

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या भागांत आणि इचलकरंजी, सांगली, बेळगाव या परिसरांत बिडाचे ओतकाम करणारे अनेक कारखाने आहेत. तेथे ओतलेले पंपाचे, इंजिनाचे, ट्रॅक्टरचे भाग पुढे लेथवर किंवा ड्रिलिंग यंत्रावर जातात. कोपऱ्यात पांढरा पट्टा असेल, तर कापणारे हत्यार तेथेच मोडते आणि भाग नाकारला जातो. लोखंड पुन्हा वितळवता येते, पण साचा करण्याची मेहनत, भट्टीची वीज आणि यंत्रावर गेलेला वेळ परत मिळत नाही. दोष बाहेरून दिसत नसल्यामुळे ‘साचा नीट केला नसेल’ असे म्हणून तो मोल्डरच्या माथी मारला जाण्याचीही शक्यता असते. खरे कारण पुष्कळदा वेगळेच असते, आणि ते मिनिटांत मोजावे लागते.

कार्बनचे दोन मार्ग

बीड म्हणजे लोखंड, सुमारे ३ ते ४ टक्के कार्बन आणि साधारण २ टक्के सिलिकॉन यांचे मिश्रण. वितळलेल्या लोखंडात एवढा कार्बन सहज विरघळतो. घट्ट लोखंडात मात्र तो मावत नाही. म्हणून लोहरस गोठताना कार्बनला बाहेर पडावे लागते. त्याच्यापुढे दोन मार्ग असतात.

पहिला मार्ग ग्रॅफाईटचा. कार्बनचे अणू एकमेकांना धरून पातळ पापुद्रे बनवतात. शिसपेन्सिलीत असते तेच हे ग्रॅफाईट. अशा बिडाच्या फुटलेल्या बाजूवर हे पापुद्रे उघडे पडतात, म्हणून ती करडी दिसते. दुसरा मार्ग सिमेंटाइटचा. लोखंडाचे तीन अणू आणि कार्बनचा एक अणू मिळून होणारे हे संयुग अतिशय कठीण असते. ते भरपूर झाले की बीड पांढरे होते.

या दोन मार्गांची तापमाने वेगळी आहेत. शुद्ध लोखंड-कार्बन मिश्रणात ग्रॅफाईटचा मार्ग सुमारे ११५३ अंश सेल्सियसला खुला होतो आणि सिमेंटाइटचा त्याच्या खाली सुमारे ६ अंशांवर. सिलिकॉन हे अंतर वाढवते. २ टक्के सिलिकॉन असेल, तर ते ३० ते ४० अंशांपर्यंत जाते. म्हणजे थंड होणाऱ्या लोहरसाला आधी ग्रॅफाईटचे दार लागते. तेथेच तो गोठू लागला, तर बीड करडे होते. पण ते दार उघडे असूनही लोहरस तेथून आत शिरला नाही आणि आणखी थंड होत गेला, तर तो सिमेंटाइटच्या दारापाशी पोहोचतो.

उघडे दार सोडून तो पुढे जातोच कसा? याचे उत्तर शाळेच्या प्रयोगशाळेतच मिळते.

करून पाहा: हायपोचा प्रयोग

एका स्वच्छ परीक्षानळीत हायपोचे (सोडियम थायोसल्फेटचे) स्फटिक निम्म्यापर्यंत भरा. नळी गरम पाण्यात धरा. सुमारे ४८ अंशांना स्फटिक त्यांच्यातल्याच पाण्यात विरघळून नितळ द्रव होईल. नळीच्या कडेला एकही स्फटिक चिकटून राहता कामा नये. आत तापमापी ठेवा, तोंडाला कापसाचा बोळा लावा आणि नळी न हलवता थंड होऊ द्या. उन्हाळ्याचे दिवस असतील, तर माठातल्या पाण्यात ठेवा. दर अर्ध्या मिनिटाला तापमान लिहा.

द्रव ४८ अंशांना गोठायला हवा. पण ४५, ४०, ३५ अंश झाले तरी तो बहुधा द्रवच राहतो. आता हायपोचा एक लहानसा स्फटिक आत टाका. त्या स्फटिकापासून सुया फुटू लागतात, पाहता पाहता सगळी नळी घट्ट होते आणि तापमापीतला पारा उलटा वर चढतो. आलेख काढला, तर आधी उतार, मग खोल खड्डा आणि त्यानंतर चढ असा आकार मिळेल.

गोठणबिंदूच्या खाली जाऊनही द्रव राहण्याच्या या स्थितीला अतिशीतन म्हणतात. स्फटिक तयार होण्यासाठी पहिले काही अणू किंवा रेणू नेमक्या रचनेत एकत्र यावे लागतात. फार लहान पुंजका टिकत नाही, तो पुन्हा विरघळतो. तयार पृष्ठभाग मिळाला, तर ही पहिली अडचण टळते. असा पृष्ठभाग पुरवणारा कण म्हणजे स्फटिकबीज.

लोहरसाचेही असेच आहे. ग्रॅफाईटला बसायला पुरेशी बीजे नसली की अतिशीतन वाढते. फरक एवढाच, की हायपोपुढे दुसरे दार नसते. ते नुसते वाट पाहते. लोहरसापुढे ३०-४० अंशांवर सिमेंटाइटचे दार उघडेच असते. पातळ कडा आणि कोपरे वेगाने थंड होतात, म्हणून ते त्या दारापाशी आधी पोहोचतात. पांढरा पट्टा नेमका तेथेच का सापडतो, हे आता लक्षात येईल. ओतशाळेत या पट्ट्याला ‘चिल’ म्हणतात.

चिल नेहमीच नकोसा असतो असे मात्र नाही. इंग्लंडमधील रॉबर्ट रॅन्सम याने १८०३ साली नांगराच्या फाळाची खालची बाजू मुद्दाम झटपट थंड करून कठीण केली. वरची मऊ बाजू आधी झिजे आणि फाळाची धार आपोआप टिके. पण पंपाच्या कवचाला भोके पाडायची असतात. तेथे कठीण कोपरा कामाचा नाही.

बारा ग्रॅमची करामत

लोहरसात ग्रॅफाईटची बीजे मुद्दाम वाढवण्याच्या क्रियेला इनॉक्युलेशन म्हणतात, आणि त्यासाठी टाकायच्या पदार्थाला इनॉक्युलंट. हा शब्द बागकामातून आला. लॅटिन भाषेत त्याचा मूळ अर्थ झाडाला डोळा भरणे असा होता. आपल्याला मात्र स्वयंपाकघरातली उपमा अधिक जवळची वाटेल: हे बिडाचे विरजण आहे. थोडेसे टाकायचे आणि सगळ्याचे रूप बदलायचे.

१९२० च्या दशकात अमेरिकेत ऑगस्टस मीहान यांनी कॅल्शियम आणि सिलिकॉन यांचे संयुग लोहरसात टाकून एरवी पांढरे झाले असते असे बीड करडे व मजबूत करून दाखवले. पुढे या कामासाठी फेरोसिलिकॉन रूढ झाले. ते लोखंड आणि सिलिकॉन यांचे मिश्रण असून त्यात बहुधा ७० ते ७५ टक्के सिलिकॉन असते. गंमत अशी की अगदी शुद्ध फेरोसिलिकॉन टाकले, तर त्याचा बीज म्हणून फारसा उपयोग होत नाही. त्यात कॅल्शियम, ॲल्युमिनियम, बेरियम किंवा स्ट्रॉन्शियम अशा मूलद्रव्यांचा अल्प अंश असावा लागतो. सिलिकॉनचा दाणा विरघळताना त्याच्याभोवती सिलिकॉनने समृद्ध असा भाग तयार होतो आणि तेथे ग्रॅफाईटला बाहेर पडणे सोपे जाते, हे खरे; पण टिकाऊ बीजे घडवतात ती ही अल्पांशातली मूलद्रव्ये.

किती अल्प? हिशेब करून पाहू. एका लेडलमध्ये, म्हणजे लोहरस वाहून नेण्याच्या भांड्यात, २०० किलो लोहरस आहे. त्यात ०.३ टक्के, म्हणजे ६०० ग्रॅम इनॉक्युलंट टाकला. त्यात २ टक्के बेरियम असेल, तर बेरियम भरते १२ ग्रॅम. दोनशे किलोंना बारा ग्रॅम!

हे बारा ग्रॅम एकटे काम करत नाहीत. रुमानियातील इउलियान रिपोशान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी करड्या बिडातील बीजे तपासली. आत सूक्ष्म ऑक्साइडचा गाभा, त्याभोवती मँगनीज सल्फाइड आणि त्यावर ग्रॅफाईट, अशी रचना त्यांना दिसली. कॅल्शियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम या कणांत शिरून त्यांना ग्रॅफाईटसाठी अधिक सोयीचे करतात. गोलाकार ग्रॅफाईटचे बीड १९४८ साली जाहीर झाले. त्यातील बीजांचा अभ्यास नॉर्वेतील टॉर्ब्यॉर्न स्कालंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला व १९९३ साली प्रसिद्ध केला. त्यांच्या मते इनॉक्युलंटमुळे कणांवर षटकोनी रचनेच्या सिलिकेटचा थर बसतो. ग्रॅफाईटची रचनाही षटकोनी असल्याने त्याला तेथे बसणे सोपे जाते.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. करड्या बिडाच्या बीजाला गंधक लागते. कोकवर चालणाऱ्या क्युपोला भट्टीत कोकमधून लोहरसाला गंधक आपोआप मिळते. विजेच्या इंडक्शन भट्टीत पोलादाची मोड जास्त घातली, तर गंधक फार कमी राहते. ते ०.०५ टक्क्याच्या बरेच खाली गेले, तर उत्तम इनॉक्युलंटही नीट लागू पडत नाही. ‘शुद्ध ते चांगले’ ही आपली सवयीची समजूत येथे तपासून घ्यावी लागते.

विरजण ओसरते

विरजणाची उपमा एका ठिकाणी फसते. विरजणातले जिवाणू दुधात वाढत जातात. लोहरसातली बीजे उलट कमी होत जातात. लहान कण एकमेकांत मिसळून मोठे होतात, त्यामुळे त्यांची संख्या घटते. काही कण पुन्हा विरघळतात, तर काही तरंगून वरच्या मळीत जातात. याला इनॉक्युलेशन ओसरणे म्हणू. नुसत्या कॅल्शियमवर चालणाऱ्या साध्या इनॉक्युलंटचा परिणाम साधारण पाच ते आठ मिनिटांत बराच ओसरतो.

पाच मिनिटे ओतशाळेत कशी जातात ते पाहा. आपला २०० किलोंचा लेडल २० किलोंचे दहा साचे भरणार आहे. इनॉक्युलंट टाकल्यावर वरची मळी काढून लेडल साच्यांपर्यंत न्यायला दीड मिनिट लागले. प्रत्येक साच्याला सरकण्यासह ४० सेकंद धरले, तर दहा साच्यांना ४०० सेकंद, म्हणजे पावणेसात मिनिटांच्या आसपास. पहिल्या साच्यात इनॉक्युलंट टाकल्यानंतर दोन मिनिटांच्या आत लोहरस पडतो. शेवटचा साचा भरून होतो तेव्हा आठ मिनिटे उलटलेली असतात. म्हणजे एकाच लेडलमधून पहिल्या आणि शेवटच्या साच्याला दोन वेगळी बिडे मिळतात. शेवटच्या साच्यांतले भाग वारंवार नाकारले जात असतील, तर मोल्डरला बोल लावण्याआधी घड्याळ पाहायला हवे.

बेरियमच का?

आवर्तसारणीचा दुसरा गट विद्यार्थ्यांना दाखवा. कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम आणि बेरियम एकाखाली एक आहेत. त्यांचे अणुभार सुमारे ४०, ८८ आणि १३७. तिन्ही ऑक्सिजनला व गंधकाला घट्ट धरतात, म्हणून तिन्ही बीजे घडवू शकतात. ओतण्याच्या वेळी लोहरस सुमारे १४०० अंशांवर असतो. स्ट्रॉन्शियम त्याच तापमानाच्या आसपास उकळते आणि कॅल्शियम १४८४ अंशांना. बेरियमचा उत्कलनबिंदू मात्र १८०० अंशांच्या वर आहे, त्यामुळे त्याची वाफ कमी होते. त्याची ऑक्साइडेही जड असतात. कॅल्शियम ऑक्साइडची घनता सुमारे ३.३ आहे, तर बेरियम ऑक्साइडची ५.७. लोहरसाची घनता ७ च्या आसपास आहे. जड कण सावकाश तरंगतात. बेरियमच्या टिकाऊपणाला या गोष्टी पोषक आहेत. व्यवहारात बेरियमयुक्त इनॉक्युलंटचा परिणाम पंधरा मिनिटांपर्यंत, अनुकूल परिस्थितीत त्याहूनही जास्त वेळ उपयोगी राहतो.

शुद्ध बेरियम मात्र थेट टाकता येत नाही. तो मऊ, हलका आणि हवेत व ओलाव्यात चटकन क्रिया करणारा धातू आहे. म्हणून तो फेरोसिलिकॉनमध्येच मिसळून देतात. नेहमीच्या प्रकारांत तो १ ते ३ टक्के असतो. त्याहून जास्त बेरियमचे प्रकारही मिळतात. या धातूचे मुख्य खनिज बराइट. आंध्र प्रदेशातील मंगमपेटा येथे त्याचा फार मोठा साठा आहे. पोटाच्या क्ष-किरण तपासणीआधी पाजतात ते बेरियम सल्फेट हेच. फटाक्यांतला हिरवा रंगही बेरियमच्या क्षारांचा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली फटाक्यांत त्यांच्या वापरास मनाई केली. पाण्यात विरघळणारे बेरियमचे क्षार विषारी असतात, हे वर्गात सांगायला विसरू नये.

मग सर्वांनी बेरियमच वापरावे?

नाही. बेरियम वेळ मिळवून देते. ज्याला वेळेची अडचण आहे, त्यानेच त्यासाठी जास्तीचे पैसे मोजावेत. निवड करण्याआधी ओतशाळेने स्वतःला काही प्रश्न विचारायला हवेत.

पहिला प्रश्न वेळेचा. इनॉक्युलंट टाकल्यापासून शेवटचा साचा भरेपर्यंत किती मिनिटे जातात? तीन-चार मिनिटांत काम उरकत असेल आणि भाग जाड असेल, तर साधे कॅल्शियमचे फेरोसिलिकॉन पुरते. सात, दहा, बारा मिनिटे लागत असतील, तर बेरियमचा विचार योग्य ठरतो. मोठा लेडल, हाताने ओतणे, यंत्रावर थांबून राहणारा लोहरस या त्याच्या जागा.

दुसरा प्रश्न दोषाचा. नेमके काय बिघडते आहे? पातळ भागात चिल येतो आणि शिवाय आत सच्छिद्रपणा येऊन पंपाचे कवच गळते, अशी तक्रार असेल, तर स्ट्रॉन्शियमयुक्त प्रकार उपयोगी पडतो. तो चिल कमी करतो, पण गोठण्याची केंद्रे फार वाढवत नाही. त्यात कॅल्शियम व ॲल्युमिनियम मुद्दाम अगदी कमी ठेवलेले असतात. म्हणून त्यात दुसरा इनॉक्युलंट मिसळला, तर त्याचा गुण जातो. रासायनिक बंधकांच्या वाळूतून येणाऱ्या नायट्रोजनमुळे छिद्रे पडत असतील, तर नायट्रोजनला बांधणारे झिर्कोनियम असलेला प्रकार पाहावा. ओल्या वाळूचे साचे असतील, तर इनॉक्युलंटमधील ॲल्युमिनियमवर लक्ष ठेवावे. ते जास्त झाले की ओलाव्यापासून हायड्रोजन सुटून सूक्ष्म छिद्रे पडू शकतात.

तिसरा प्रश्न जागेचा. इनॉक्युलंट लेडलऐवजी थेट साच्यात पडणाऱ्या धारेत टाकता येईल का? तसे केले, तर ओसरायला मिनिटांऐवजी सेकंदच मिळतात आणि बेरियमचा वेळेचा फायदा फारसा उरत नाही. मात्र त्यासाठी दाणे बारीक, साधारण ०.२ ते ०.७ मिलिमीटरचे हवेत आणि ते मोजून सोडणारे साधन हवे. लेडलसाठी काही मिलिमीटरचे दाणे चालतात. फेरोसिलिकॉन लोहरसापेक्षा बरेच हलके असते. ते लेडलमध्ये पडणाऱ्या धारेत टाकावे, म्हणजे मिसळते. भरलेल्या लेडलवर टाकले, तर मळीत अडकते.

चौथा प्रश्न मात्रेचा. ‘थोडे जास्त टाका’ हा सल्ला सोपा असला तरी घातक आहे. जास्त इनॉक्युलंटमुळे लोहरस थंड होतो, मळी वाढते, न विरघळलेले दाणे कठीण ठिपके बनून राहतात आणि आतला सच्छिद्रपणाही वाढू शकतो. शिवाय ६०० ग्रॅम इनॉक्युलंटबरोबर सुमारे ४३० ग्रॅम सिलिकॉन जाते. म्हणजे लोहरसातील सिलिकॉन ०.२ टक्क्याहून अधिक वाढते. भट्टीतच तेवढे कमी ठेवावे लागते. आणि पोते कोरडे हवे. बारीक फेरोसिलिकॉनला ओलावा लागला, तर ज्वलनशील वायू सुटू शकतो.

पाचर काय सांगते

या प्रश्नांची उत्तरे देणारी जुनी आणि स्वस्त चाचणी म्हणजे पाचर. वाळूच्या साच्यात पाचरीच्या आकाराचा लहान तुकडा ओततात, थंड करून फोडतात आणि टोकापासून पांढरा भाग कोठपर्यंत आला ते मोजतात. पाचरीची धार सर्वांत पातळ, म्हणून तेथे चिल ठरलेलाच. तो जितका रुंद, तितकी बीजे कमी.

नेहमीची पद्धत एक पाचर सुरुवातीला ओतण्याची. तिच्यावरून पहिला साचा कसा होता एवढेच कळते. इनॉक्युलंट टाकण्याआधी एक, टाकल्यावर लगेच एक, मग चार, आठ आणि बारा मिनिटांनी एकेक अशा पाचरी ओतल्या, तर ओसरण्याचा आलेखच हाती येतो. आज साधा इनॉक्युलंट आणि उद्या बेरियमचा, असे करून दोन आलेख शेजारी ठेवावेत. भट्टीतला माल, मात्रा आणि सुरुवातीचे तापमान सारखेच ठेवावे. शेवटच्या साच्याला मिळणारा लोहरस थंडही झालेला असतो, म्हणून प्रत्येक पाचरीबरोबर तापमान लिहिणे आवश्यक आहे. नाहीतर थंडीचा दोष आपण ओसरण्यावर घालू. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा आपण वर्गात शिकवतो तोच नियम येथे लागू पडतो.

दोन आलेख आठव्या मिनिटापर्यंत सारखेच असतील, आणि आपला शेवटचा साचा सातव्या मिनिटाला भरत असेल, तर महाग पोते घेण्याचे कारण नाही. ते पाचव्या मिनिटालाच वेगळे होत असतील, तर बेरियम आपली किंमत वसूल करून देईल.

विद्यार्थ्यांसाठी

१. एका लेडलमध्ये ३५० किलो लोहरस आहे. ०.२५ टक्के इनॉक्युलंट टाकायचा आहे. त्यात ७२ टक्के सिलिकॉन व २ टक्के बेरियम आहे. प्रत्येकाचे वजन काढा. लोहरसातील सिलिकॉन किती टक्क्यांनी वाढेल?

२. हायपोच्या प्रयोगात स्फटिक ४० अंशांना टाकला आणि ३० अंशांना टाकला, तर आलेखातला खड्डा कसा बदलतो? दोन्ही करून पाहा.

३. जवळच्या ओतशाळेत परवानगी घेऊन, शिक्षकांबरोबर आणि सुरक्षित अंतरावर उभे राहून इनॉक्युलंट टाकल्यापासून शेवटचा साचा भरेपर्यंतचा वेळ मोजा. तो किती भरला ते तेथील फोरमनला सांगा आणि त्यांचा अंदाज किती होता तेही विचारा.